भुलीच्या नळ्या, सर्किट, मास्क: जनावरांच्या दवाखान्यात हे सामान नीट धुवायचं कसं

माणसांच्या मोठ्या हॉस्पिटलात घशात घातलेली नळी एकदा वापरली की टाकून देतात. आपल्या जनावरांच्या दवाखान्यात तसं होत नाही. नऊ नंबरची नळी आज एका लॅब्राडोरच्या श्वासनलिकेत असते, परवा त्याच मापाच्या दुसऱ्या कुत्र्याच्या. त्यात गैर काही नाही, नळ्या पुन्हा वापरूनच आपल्या गिऱ्हाइकाला ऑपरेशन परवडतं, पण मग ती नळी दोन जनावरांच्या मधे कुठं होती, कशात होती, ओली होती का कोरडी, याची जबाबदारी आपली. ऑपरेशन झकास होतं, टाके सुकतात आणि आठवड्याभरानं कुत्रं खोकायला लागतं, तेव्हा संशय थंडीवर जातो, धुळीवर जातो, नळीवर कुणी घेत नाही. केनेल कफ (कुत्र्यांचा साथीचा खोकला) आणणारा बोर्डेटेला, मांजरांचा कॅलिसी व्हायरस, सुडोमोनास ही सगळी मंडळी ओलसर, चिकट, न घासलेल्या जागी बसायला तयारच असतात.

सांगली-मिरज, कराड, सातारा भागात आता आयसोफ्लुरेनचं, म्हणजे वासानं द्यायच्या भुलीचं, मशीन तालुक्याच्या गावीसुद्धा दिसायला लागलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. डॉक्टरांनी वाचावंच, पण धुण्याचं काम ज्या मावशी किंवा दादा करतात त्यांनाही वाचून दाखवा.

कुठल्या वस्तूला किती कडक

१९६८ साली अर्ल स्पॉल्डिंग यांनी मांडलेली एक विभागणी आजही जगभर वापरतात आणि ती समजायला सोपी आहे. जे रक्तात किंवा शरीराच्या आत निर्जंतुक जागी जातं ते पूर्ण स्टरलाइज पाहिजे. जे तोंड, घसा, श्वासनलिका अशा ओल्या त्वचेला लागतं त्याला किमान हाय लेव्हल डिसइन्फेक्शन पाहिजे, म्हणजे जंतू, व्हायरस, बुरशी, टीबीचा जंतू सगळं मेलं पाहिजे, फार तर थोडे स्पोअर (जंतूंची कवचातली चिवट रूपं) राहिले तर चालतील. आणि जे नुसतं बाहेरच्या कातडीला लागतं, म्हणजे बीपीचा पट्टा, ईसीजीच्या क्लिपा, मशीनची बटणं, ते साबणपाण्यानं धुऊन साध्या जंतुनाशकानं पुसलं तरी भागतं.

एन्डोट्रॅकियल नळी, म्हणजे आपली श्वासनलिकेतली नळी, लॅरिंगोस्कोपचं (घशात बघायच्या यंत्राचं) पातं, अन्ननलिकेत घालायचा स्टेथोस्कोप आणि टेम्परेचर प्रोब हे सगळं मधल्या गटात येतं. सर्किटचं, म्हणजे मशीन आणि जनावर जोडणाऱ्या पाइपांचं, जनावराकडचं टोक आणि मास्कही तिथंच धरा. बऱ्याच ठिकाणी नेमकं हेच सामान बीपीच्या पट्ट्यासारखं नुसतं पुसून ठेवलं जातं.

सुरुवात टेबलावरच

नळी काढली की ती ट्रेमधे टाकून पुढच्या केसला लागायचं, आणि दुपारी जेवणानंतर धुवायला घ्यायची, ही सवय सगळ्यात महाग पडते. श्लेष्मा, लाळ, रक्त वाळलं की ते नळीच्या आत पापुद्र्यासारखं चिकटतं आणि मग कुठलंही औषध त्याच्याखाली पोचत नाही. नळी निघाली की लगेच साध्या गार पाण्याखाली आतून-बाहेरून धार सोडा. सिंक लांब असेल तर एक झाकणाचा डबा टेबलाखाली ठेवा, त्यात एन्झाइमचं डिटर्जंट घातलेलं पाणी, नळी थेट त्यात. गरम पाणी सुरुवातीला नको, कारण उकळत्या पाण्यात रक्तातलं प्रोटीन गोठतं आणि आणखी घट्ट बसतं. कोमट चालतं, हाताला सोसवेल इतपत.

डबा घेऊन सिंककडं जायचा रस्ताही ठरवून ठेवा. एका बाजूला घाण सामान येणार, मधे धुणं, पलीकडं स्वच्छ. जागा लहान असेल तर निदान दोन वेगळ्या रंगाचे टब ठेवा, लाल घाणीचा, निळा स्वच्छ सामानाचा, आणि ते कधीच अदलाबदल करायचे नाहीत. हातपाय धुवायचं बेसिन, चहाचे कप विसळायचं बेसिन आणि हे बेसिन एकच असू नये.

घासणं

खरं काम इथं होतं, बाटलीतल्या औषधात नाही. नायट्राइलचे हातमोजे, प्लास्टिकचा ॲप्रन, चष्मा घाला. ब्रश नळीच्या मापाचा पाहिजे आणि नळीपेक्षा लांब पाहिजे, म्हणजे एका टोकानं घातला की दुसऱ्या टोकानं बाहेर दिसला पाहिजे. तीन नंबरच्या मांजराच्या नळीत नऊ नंबरचा ब्रश कोंबला की आतून ओरखडे पडतात, आणि ओरखड्यात पुढं बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, धरते. मिरजेत हॉस्पिटलला सर्जिकल माल पुरवणारी दुकानं आहेत, तिथं वेगवेगळ्या मापाचे ब्रश मिळू शकतात, विचारून बघा. ब्रश पाण्याच्या आत ठेवूनच फिरवा, बाहेर काढून घासलं की तोंडावर शिंतोडे येतात. आणि ब्रशही रोज धुऊन, जंतुनाशकात घालून वाळवायचा, नाहीतर घाण आपण एका नळीतून दुसऱ्या नळीत नेतो.

आता कफ, म्हणजे नळीच्या टोकाजवळचा फुगवायचा फुगा, घशातला कफ नव्हे. नळी हातात घेऊन उजेडात बघा, कफ मोकळा असताना त्याला बारीक घड्या पडतात आणि त्या घड्यांच्या तळाशी पिवळसर रेघ दिसते. तो वाळलेला श्लेष्मा. कफ न फुगवता घासला तर ही रेघ निघतच नाही. म्हणून सिरिंजनं कफ थोडा फुगवायचा, ताणून फुटेल इतका नाही, नुसता गोल होईल इतका, मग मऊ ब्रशनं किंवा गॉजनं सगळीकडून पुसायचा. कफ आणि नळी जिथं जोडलेत त्या कडेवर जास्त वेळ द्या. नळीच्या टोकाजवळ बाजूला जे भोक असतं, मर्फी आय, त्यातूनही ब्रश काढा. वरचा प्लास्टिकचा कनेक्टर निघत असेल तर काढून वेगळा धुवा, त्याच्या खाली हमखास घाण साठते.

पायलट बलून, म्हणजे जिथं सिरिंज लावतो ती छोटी फुगी, तिच्या व्हॉल्व्हमधे पाणी जाऊ देऊ नका. जमेल तेवढं ते टोक पाण्याबाहेर टबाच्या काठावर राहू द्या. आत एकदा पाणी गेलं की बारीक नळीत थेंब अडकून राहतो, डोळ्यांना दिसतोही, तो सहजासहजी निघत नाही आणि पुढं कफ नीट फुगतही नाही, नीट रिकामाही होत नाही. रिकामा न झालेला कफ तसाच ओढून काढला की श्वासनलिकेला इजा होते.

घासल्यावर भरपूर पाण्यानं विसळा. साबणाचा अंश राहिला तर पुढचं जंतुनाशक कमजोर पडतं.

कशात बुडवायचं

इथं प्रत्येक दवाखान्याची वेगळी रीत असते आणि इथंच सगळ्यात जास्त चुकीचं चालतं.

आधी काय नको ते सांगतो. सॅव्हलॉनच्या किंवा क्लोरहेक्झिडिनच्या बरणीत नळ्या उभ्या करून आठवडाभर ठेवणं, संपत आलं की वरून भर घालणं, हे बंद करा. पातळ झालेल्या, जुन्या, वरून भरलेल्या जंतुनाशकात सुडोमोनाससारखे जंतू चक्क वाढतात. शिवाय क्लोरहेक्झिडिन पार्व्हो व्हायरसवर आणि कॅलिसीवर भरवशाचं नाही, आणि त्याचा अंश नळीवर राहिला तर श्वासनलिकेचं आतलं अस्तर जळतं. डेटॉल तर अजिबात नको. त्यातलं क्लोरोझायलेनॉल फेनॉल जातीचं आहे, मांजराच्या लिव्हरला फेनॉल नीट पचवता येत नाही. फरशीला वापरता ते फिनाइलही मांजरांच्या सामानापासून लांबच ठेवा. स्पिरिटनं पुसणं हे बाहेरून लावायच्या प्रोबला ठीक, नळीच्या आत स्पिरिट ओतून काही साधत नाही.

मग काय वापरायचं? नळी कशाची आहे त्यावर ठरतं. सिलिकॉनची नळी बहुतेक वेळा ऑटोक्लेव्हला (प्रेशरच्या वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राला) चालते, कंपनीच्या पाकिटावर बघून घ्या, आणि चालत असेल तर मला तोच मार्ग सगळ्यात आवडतो, कारण मागं कुठलंही केमिकल राहत नाही. १२१ डिग्रीला १५ पौंड प्रेशरवर १५ ते २० मिनिटं, पाकिटात गुंडाळलेलं असेल तर ३० धरा. कफमधली सगळी हवा आधी काढा, नाहीतर आतली हवा फुगून कफ फाटतो. इंडिकेटर टेप काळी झाली म्हणजे सामान उष्णतेतून गेलं एवढंच कळतं, सगळं मेलं असं टेप सांगत नाही, त्यामुळं वेळ आणि प्रेशर घड्याळ लावून बघा. पीव्हीसीची पारदर्शक नळी ऑटोक्लेव्हमधे वाकडी होते, ती घालायची नाही. लाल रबरी नळ्या अजून काही ठिकाणी दिसतात. त्या आतून दिसत नाहीत, रबराला भेगा पडतात आणि रबर केमिकल शोषून घेतं. माझं स्पष्ट मत, त्या संपतील तशा बदलून टाका.

पीव्हीसीसाठी आपल्याकडं सहज मिळणारे दोन पर्याय. २ टक्के ग्लुटराल्डिहाइड, ॲक्टिव्हेटर घालून, साधारण २० मिनिटं, पण काही कंपन्यांचा वेळ जास्त आहे, लेबलवर जो लिहिलाय तोच पाळा. किंवा ०.५५ टक्के ऑर्थोथॅलाल्डिहाइड, ज्याला सगळे ओपीए म्हणतात, ते २० डिग्रीला १२ मिनिटं. ओपीएला वास कमी, नाकडोळ्यांना त्रास कमी, पण कातडीला लागलं तर राखाडी डाग पडतो. दोन्हीत नळी पूर्ण बुडाली पाहिजे, आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढी जागा कोरडीच राहते, म्हणून नळी तिरकी धरून आत शिरू द्या. पायलट बलूनचं टोकही आता आत जायला लागतं, सोल्युशनमधे असताना व्हॉल्व्ह कशानंही दाबू नका म्हणजे आत शिरत नाही.

यात एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. लेबलवरचा वेळ २० किंवा २५ डिग्रीला धरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात, वाई-महाबळेश्वर भागात तर फारच, सकाळी खोलीत ठेवलेलं सोल्युशन त्याच्या बरंच खाली असतं. थंड सोल्युशनमधे तेवढाच वेळ ठेवून तेवढा परिणाम मिळत नाही. डब्यात थर्मामीटर ठेवा, गार असेल तर खोलीचं तापमान वाढेपर्यंत थांबा. सोल्युशन गॅसवर गरम करायचं नाही, वाफ थेट फुफ्फुसात जाते.

ॲक्टिव्हेट केलेलं ग्लुटराल्डिहाइड बहुतेक १४ दिवस, काही कंपन्यांचं २८ दिवस चालतं, पण ओली नळी टाकली की दरवेळी ते थोडं पातळ होतंच. डब्यावर मार्करनं तारीख लिहा आणि टेस्ट स्ट्रिप बुडवून ताकद तपासा, स्ट्रिप फेल झाली तर दिवस शिल्लक असले तरी सोल्युशन संपलं समजा. खिडकी उघडी, पंखा बाहेर हवा फेकणारा, डब्याला झाकण. लेटेक्सचे पातळ हातमोजे या केमिकलपुढं टिकत नाहीत. वापरून झालेलं सोल्युशन गटारात ओतू नका, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आपल्या दवाखान्यांनाही लागू आहेत आणि त्यात टाकाऊ जंतुनाशक हा केमिकल कचरा आहे, तुमचा कचरा नेणाऱ्या एजन्सीशी बोलून ठरवा.

पार्व्होचा कुत्रा किंवा पॅनल्युकोपेनियाचं (मांजरांतल्या पार्व्होचं) मांजर असेल तर माझा सल्ला वेगळा. त्याला वापरलेली नळी टाकून द्या. एका नळीची किंमत आणि पुढच्या पिल्लाचा जीव यात हिशोब काय करायचा. ज्या गोष्टी टाकता येत नाहीत, म्हणजे टेबल, ट्रे, प्लास्टिकचं सामान, त्याला ५ टक्क्याचं ब्लीच एकाला तीस या प्रमाणात, आधी घासून, मग १० मिनिटं ओलं ठेवून, मग स्वच्छ पाणी. ब्लीच लोखंडाला खातं आणि रबर कडक करतं, आणि ॲसिडबरोबर, संडासच्या क्लीनरबरोबर कधीच एकत्र करू नका, क्लोरीन गॅस तयार होतो.

विसळणं, आणि पाण्याचा प्रश्न

ग्लुटराल्डिहाइड किंवा ओपीएनंतर तीन वेळा विसळायचं, दरवेळी नवीन पाणी, भरपूर पाणी, निदान एकेक मिनिट, आतूनही. हे कंटाळून एका तांब्यात आटपलं तर पुढच्या जनावराच्या श्वासनलिकेला केमिकलनं भाजल्यासारखी जखम होते, आणि ती जखम भूल उतरल्यावर खोकला आणि सूज म्हणून दिसते.

शेवटचं विसळणं आरओच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात करा. आपल्याकडं जत, आटपाडी बाजूला बोअरचं पाणी जड, वाळवा-मिरजेच्या ऊसपट्ट्यातही कित्येक विहिरी खारट झाल्यात. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) जातीचं जंतुनाशक कमजोर पडतं आणि वाळल्यावर सामानावर पांढरा थर बसतो. सर्किटच्या व्हॉल्व्हच्या पातळ चकतीवर हा थर बसला की चकती नीट टेकत नाही.

कृष्णेला पूर आला की नळाचं पाणी गढूळ येतं. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैमधे नदीकाठच्यांनी हे भोगलंय. पावसाळ्याआधीच स्वच्छ पाण्याचे दोन-चार कॅन बंद करून वरच्या मजल्यावर ठेवा. आणि पुराचं पाणी ज्या नळीला, सर्किटला, सोडालाइमला (मशीनमधले कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) लागलं ते धुऊन वाचवायच्या नादाला लागू नका, त्यात लेप्टोस्पायरापासून ड्रेनेजपर्यंत काहीही असतं. मशीनमधे शिरलं असेल तर सर्व्हिस इंजिनिअरनं बघितल्याशिवाय चालू करायचं नाही.

सुकवणं

इतकं सगळं करून ओली नळी पिशवीत बंद केली तर केलेलं वाया गेलं. ओलाव्यात राहिलेला एखादा जंतू रात्रीत वाढतो. नळ्या उभ्या टांगायच्या, कनेक्टरचं टोक वर, खालून पाणी गळून जाईल अशा. भिंतीवर स्टीलच्या हुकांची पट्टी लावा, खाली ट्रे. घाई असेल तर दवाखान्यातल्याच ऑक्सिजननं किंवा स्वच्छ हवेनं आतून फुंकर मारा, पण तोंडानं फुंकायचं नाही.

बाहेर दोरीवर, उन्हात टाकू नका. उन्हानं पीव्हीसी आणि रबर कडक होतं, वरून धूळ. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख बसते, तीच नळीत जाईल. पावसाळ्यात मात्र खोलीत टांगून दोन-दोन दिवस नळ्या वाळत नाहीत, तेव्हा बंद कपाटात छोटा पंखा लावून ठेवणं हाच त्यातल्या त्यात सोपा उपाय.

सर्किट, बॅग, मशीन

बेन सर्किट (नळीच्या आत नळी असलेलं), जॅक्सन-रीस (लहान जनावरांचं सर्किट), बॅग, मास्क हे त्याच पद्धतीनं, डिटर्जंट, विसळणं, डिसइन्फेक्शन, विसळणं, टांगून सुकवणं. नालीदार पाइपच्या प्रत्येक वळीत पाणी अडतं, दोन टोकं धरून झटकल्याशिवाय ते निघत नाही. बॅग तोंड खाली करून, आत काहीतरी घालून भिंती एकमेकींना चिकटू न देता वाळवा. मास्कची रबरी चकती काढून तिच्या मागून धुवा. सर्किट दर केसला धुणं जमत नसेल तर निदान रोज धुवा आणि श्वसनाचा आजार असलेल्या जनावरानंतर लगेच.

बेनच्या आतली नळी धुताना निसटू शकते आणि बाहेरून काही कळत नाही. ती निसटली की जनावर स्वतःचाच सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत ओढतं. म्हणून धुऊन जोडल्यावर, जनावर न जोडता, पेशंटकडचं टोक अंगठ्यानं बंद करा, पॉप-ऑफ (जादा गॅस सोडणारा व्हॉल्व्ह) बंद, फ्लशनं (ऑक्सिजन जोरात सोडणाऱ्या बटणानं) बॅग भरा. मग अंगठा काढून लगेच पुन्हा फ्लश दाबा. बॅग आत खेचली जाऊन रिकामी झाली तर आतली नळी ठीक. बॅग फुगलेलीच राहिली तर ते सर्किट वापरू नका.

सर्कल सिस्टिममधे (सोडलेला गॅस फिरवून परत वापरणाऱ्या सर्किटमधे) सोडालाइमचा डबा रिकामा करून धुतला तर हाडासारखा कोरडा होईपर्यंत भरायचा नाही. दाणे भरताना हातमोजे आणि मास्क, त्याची धूळ भाजते. रंग कसा बदलतो ते कंपनीनुसार वेगळं, काहीचा पांढऱ्याचा जांभळा होतो तर काहीचा गुलाबीचा पांढरा, त्यामुळं पाकीट वाचा, अंदाजानं जाऊ नका. डबा बसवताना रबरी वॉशरवरून बोट फिरवा, एक दाणा जरी अडकला तरी तिथून गॅस गळतो आणि ते आयसोफ्लुरेन दिवसभर तुमच्याच नाकात जातं.

व्हेपोरायझरला (आयसोफ्लुरेनची वाफ करणाऱ्या भागाला) पाणी, औषध काही नाही, बाहेरून ओल्या फडक्यानं पुसायचं, बाकी कंपनीचा माणूस. मशीन स्पिरिटनं पुसलं असेल तर पूर्ण वाळेपर्यंत ऑक्सिजन आणि कॉटरी (रक्त थांबवायला डागणारं यंत्र) लांब. आणि ऑक्सिजनच्या कुठल्याही जोडावर, वॉशरवर तेल, ग्रीस, व्हॅसलीन लावायचं नाही, प्रेशरच्या ऑक्सिजनमधे तेल पेट घेतं.

पातं आणि प्रोब

लॅरिंगोस्कोपचं पातं हँडलपासून काढा, बॅटऱ्या बाजूला. बल्ब पात्यावर असेल तर ऑटोक्लेव्ह कंपनीनं सांगितलं तरच. हँडलही विसरू नका, तोंडातून लाळ लागलेल्या हातानं तेच धरलेलं असतं. जिभेला लावायचा पल्स ऑक्सिमीटरचा क्लिप बुडवायचा नाही, फडक्यानं पुसायचा, आतल्या काचेवर डाग राहिला तर रीडिंग चुकतं.

वापरायच्या आधी

सुकलेली नळी ठेवण्याआधी कफ फुगवून निदान पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा, मऊ पडला तर नळी बाद. नळी उजेडाकडं धरून आरपार बघा, आत डाग, भेग, पिवळेपणा, वाकलेलं टोक काहीही दिसलं तरी बाद. चांगल्या नळ्यांच्या कफमधली हवा काढून, मापानुसार, झाकणाच्या डब्यात कोरड्या ठेवा. केसच्या आधी पूर्ण मशीनची गळती बघा, पॉप-ऑफ बंद, टोक बंद, ३० सेंटीमीटर (पाण्याच्या) प्रेशरपर्यंत भरा, काटा १० सेकंद जागेवर राहिला पाहिजे, आणि तपासून झाल्या झाल्या पॉप-ऑफ उघडा, तो बंद राहिला तर जनावराचं फुफ्फुस फुटतं.

बाद झालेली नळी ड्रॉवरमधे "बघू पुढं" म्हणून ठेवायची नाही. कात्रीनं कफ आणि नळी दोन्ही कापा म्हणजे गडबडीत कुणी उचलणार नाही, आणि लाल पिशवीत टाका.